गांधीबागेची फेरी आणि एक इटालियन पक्वान्न

नागपूर शहराच्या नकाशावर पंचांगातील बहुतेक वार सापडतात. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी अशी नावे येथल्या वस्त्यांना व बाजारांना पडलेली आहेत. आणि वारांच्या खालोखाल येथे मान आहे तो बागांना. महाराजबाग, तुळशीबाग, केळीबाग, मोतीबाग आणि ज्या ठिकाणी आम्ही वाचकांस आज घेऊन जाणार आहोत ती गांधीबाग. यांपैकी महाराजबागेत झाडे आहेत, परंतु केळीबागेच्या रस्त्यावर केळीचे पान शोधू जाणाऱ्यास रिकाम्या हाताने परतावे लागेल. गांधीबागेचे मात्र मध्यम मार्गाचे आहे. तेथे खरोखरीचे एक उद्यान आहे, सकाळसंध्याकाळ आमच्यासारखे पेन्शनर तेथे फेऱ्याही घालतात; तथापि ‘गांधीबागेत जाऊन येतो’ असे नागपूरकर म्हणतो तेव्हा त्याच्या मनात फूल नसते, कापड असते. मध्य भारतातील घाऊक कापडाचा हा मोठा बाजार. लग्न ठरले की पत्रिका छापण्याआधी लोक येथे धाव घेतात.

आम्हीही आजवर गांधीबागेत गेलो ते लग्नामुंजीच्या निमित्ताने. यंदा फाल्गुन महिन्यात मात्र जाण्याचे जे कारण घडले, तसे कारण आमच्या कुळात पूर्वी कोणाला घडले असेल असे वाटत नाही. आम्ही गेलो होतो एका इटालियन पक्वान्नासाठी फडके आणावयास.

त्याची हकीकत अशी. महालातील आमच्या जुन्या वाड्यात अद्याप एकच चूल आहे. वडील बंधू, वहिनी, आम्ही उभयता, दोघांची मुले, सुना, नातवंडे असे अकरा पाने मांडली जातात. स्वयंपाकघराची सत्ता चाळीस वर्षे वहिनींच्या हाती आहे. गेल्या श्रावणानंतर पुतण्याचे लग्न झाले व नवी सूनबाई घरात आली. तिचे माहेर मडगावचे, सारस्वत. मुलगी शिकलेली, मिहानमधील एका कचेरीत नोकरी करणारी, बोलण्यात मार्दव. परंतु घरात आल्यापासून सात महिन्यांत तिने स्वतःसाठी म्हणून काही मागितले नव्हते. पानात जे पडेल ते खावे, ‘छान झालंय’ म्हणावे आणि उठावे. गोव्याकडची माणसे मासळीवाचून व्याकूळ होतात असे ऐकून होतो. हिने त्याविषयी चकार शब्द काढला नाही. वहिनी याला ‘गुणी आहे’ असे म्हणत. आमच्या सौभाग्यवतीचे मत निराळे होते. ती म्हणे, पाहुणी मागत नसते. घरचे माणूस मागते.

फाल्गुनात तिचा वाढदिवस आला. वहिनींनी आदल्या आठवड्यात, रात्रीची जेवणे चालली असताना, सर्वांसमक्ष विचारले, “तुझ्यासाठी काय करू गं? पुरणपोळी करू, की चिरोटे?” सूनबाई क्षणभर पानाकडे पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, “आई, मला तिरामिसू आवडतं. माझी मी करीन. भट्टी लागत नाही त्याला.” पंगतीत शांतता पसरली. बंधूंनी कान पुढे करून विचारले, “कोण आवडतो म्हणते?” मुले हसू लागली. वहिनींनी मात्र एकच प्रश्न केला, “त्यात अंडं असतं का?”

“असतं,” ती म्हणाली. “पण आपण नाही घालायचं.”

पुढचे सांगण्यापूर्वी या पदार्थाची थोडी माहिती देणे अवश्य आहे. व्हेनिसच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटरांवर त्रेविझो नावाचे गाव आहे. तेथील ‘ले बेक्केरिए’ या खाणावळीत १९७२ च्या सुमारास हे पक्वान्न प्रथम पानावर आले असे सामान्यतः मानतात. खाणावळीचे मालक आदो काम्पेओल २०२१ साली वारले आणि तेथील मिठाई करणारे रोबेर्तो लिंग्वानोत्तो २०२४ साली. म्हणजे ज्या पदार्थाला लोक पुरातन इटालियन समजतात तो आमच्या हयातीतला आहे, आणि त्याचे जनक काल-परवापर्यंत जिवंत होते. शेजारच्या फ्रिउली प्रांताचा याविषयी वाद आहे. पदार्थ मूळचा आमच्या तोल्मेत्सो गावातला व त्याहून जुना, असे ते म्हणतात, आणि २०१७ साली इटलीच्या सरकारने परंपरागत पदार्थांच्या यादीत त्याची नोंद फ्रिउलीच्या नावावर केली तेव्हा त्रेविझोत मोठी खळबळ उडाली. रसगुल्ला कोणाचा म्हणून बंगाल व ओरिसा भांडले, त्यातलाच हा प्रकार.

आम्हांला अधिक आवडली ती निराळीच गोष्ट. आदोंच्या पत्नी आल्बा बाळंतपणानंतर अशक्त होऊन पडल्या असता त्यांच्या सासूबाईंनी अंड्याचा बलक साखरेत घोटून, त्यात कॉफी घालून त्यांना दिला. त्याने त्यांना हुशारी आली, आणि उठून कामाला लागल्यावर त्या चवीवरून त्यांनी व लिंग्वानोत्तोंनी हे पक्वान्न बसविले, अशी कथा सांगतात. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू व अळिवाची खीर देतात, त्यासारखेच हे. ही गोष्ट आम्ही वहिनींना सांगितली तेव्हा त्यांनी लसूण सोलता सोलता मान वर केली आणि विचारले, “सासूनं केलं होतं?” आम्ही होय म्हणालो. त्या पुन्हा लसूण सोलू लागल्या.

नावाविषयीही दोन शब्द लिहिल्यावाचून आमच्यातील संस्कृतचा मास्तर गप्प बसणार नाही. ‘तिरा’ म्हणजे ओढ, ‘मि’ म्हणजे मला, ‘सू’ म्हणजे वर. ‘मला वर ओढ’. यातील ‘मि’ हा लॅटिन ‘मे’ पासून आलेला व आपल्या ‘माम्’, ‘मा’ यांचा सख्खा भाऊ आहे. ‘सू’ मात्र सुभाषितातला ‘सु’ नव्हे; तेथे फसू नये. घरातील मुलांनी भाषांतर मागितले तेव्हा आम्ही ‘माम् उद्धर’ असे करून दिले आणि तेव्हापासून हा पदार्थ घरात ‘मामुद्धर’ या नावाने ओळखला जात आहे.

मूळ कृतीत वस्तू सहाच: सावोयार्दी नावाची बोटाच्या आकाराची हलकी बिस्किटे, अंड्यांचा बलक, साखर, मस्कार्पोने, कडक कॉफी आणि वरून भुरभुरण्यास कोको. पुष्कळ ठिकाणी मद्यही घालतात. परंतु मूळ कृतीत ते नाही, ही गोष्ट सूनबाईने पहिल्याच दिवशी वहिनींना स्पष्ट करून सांगितली. बलक कच्चाच घालावयाचा असतो. सोवळेओवळे बाजूला ठेवले तरी कच्च्या अंड्यातून पोटाचे विकार होण्याचे भय असते, व वृद्धांनी आणि लहान मुलांनी ते खाऊ नये असे डॉक्टरही सांगतात. आमच्या घरात दोन्ही वर्ग भरपूर आहेत. तेव्हा अंडे गेले याबद्दल कोणी हळहळण्याचे कारण नव्हते. राहता राहिले मस्कार्पोने. हे विकतचे आणावे तर महाग. सूनबाई म्हणाली, घरी करता येते. साय, लिंबू व एक स्वच्छ मलमलीचे फडके हवे. श्रीखंडाच्या चक्क्याचे फडके तिने मागितले नाही. आमच्या घरी ते फडके देवाच्या सोवळ्याइतके जपले जाते, हे तिने पाहिले होते. “काका, तुम्ही गांधीबागेकडे जाणार का?” एवढेच तिने विचारले.

आम्ही पिशवी घेऊन निघालो. बडकस चौक, चिटणीस पार्क असे करीत पायी जाण्याची आमची सवय आहे. आता सेंट्रल अॅव्हेन्यूवरून मेट्रो धावते. २०२२ सालच्या डिसेंबरात ती प्रजापतीनगरापर्यंत सुरू झाली आणि अग्रसेन चौकाचे स्थानक गांधीबागेस जवळ पडते. लांबून येणाऱ्यांची त्यामुळे चांगली सोय झाली आहे. वर ती थंडगार गाडी सुळकन जाते आणि खाली हातगाडीवाला चार गाठी रचून घामाघूम होत ‘बाजू, बाजू’ ओरडत असतो. दोन्ही एकाच शहरात.

वाटेत डागा स्त्री रुग्णालय लागते. आमच्या घरातील तीन मुले तेथे जन्मली आहेत. फाटकाशी डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका पाहिल्या आणि त्रेविझोच्या त्या सासूबाईंची आम्हांला पुन्हा आठवण झाली. डब्यांत काय असेल ते झाकणे न उघडताही सांगता आले असते. एका बाईने पातेल्याला पदर गुंडाळला होता, म्हणजे आत मऊ भात किंवा खीर असावी.

कापडबाजारात शिरले की पहिल्याने वास येतो, कोऱ्या कापडाच्या खळीचा. पेढीवर पांढरी गादी, तीवर मालक, मागे छतापर्यंत ताके. नागपूर व कापड यांचे नाते जुने आहे. विणकरांचे माग या शहराच्या मध्यवस्तीत पिढ्यान्‌पिढ्या चालले. १८७७ साली जमशेटजी टाटांनी येथे एम्प्रेस मिल सुरू केली. त्या मिलचा भोंगा ऐकून आमचे वडील घड्याळ लावीत. मिल केव्हाच बंद पडली, तिच्या जागेवर आता बहुमजली बाजार उभा आहे. परंतु गांधीबागेत गाठी येतच आहेत, फक्त सुरतेहून, भिवंडीहून, इचलकरंजीहून.

घाऊक पेढीवर जाऊन एक मीटर मलमल मागणे म्हणजे सराफाकडे जाऊन गुंजभर सोने मागण्यासारखे आहे. पहिल्या दोन दुकानांत आमच्याकडे कोणी पाहिलेही नाही. तिसऱ्या दुकानात गादीवरचा मनुष्य आमच्याकडे निरखून पाहू लागला आणि एकदम उठून खाली आला. तो आमचा विद्यार्थी निघाला. वर्गात त्याला ‘देव’ शब्द कधी धड चालवता आला नव्हता. आता तो सहा मुनीम चालवीत होता. “गुरुजी, या न जी, बसा. काय देऊ?” आम्ही एक मीटर मलमल म्हणताच त्याने मुनिमाकडे पाहिले व मुनिमाने आढ्याकडे. “कशासाठी पाहिजे होती?” आम्ही खरे ते सांगितले. कॉफीचे पक्वान्न, इटालियन, सूनबाईसाठी. तो मनमोकळेपणाने हसला. ताका उलगडून त्याने स्वतःच्या हाताने दीड मीटर फाडली आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत. निघताना मात्र एक गोष्ट बजावली: “गुरुजी, खळ आहे याला. दोनदा गरम पाण्यातून काढा, नाहीतर तुमच्या मिठाईला कापडाचा वास लागेल.” पंचवीस वर्षांत आम्ही त्याला शिकविले त्याहून हे एक वाक्य अधिक उपयोगी पडले, असे कबूल करणे प्राप्त आहे.

तेथून इतवारीकडे वळलो. वाटेत मस्कासाथ लागते. लोण्याचा बाजार तेथे पूर्वी भरत असावा असे नाव सांगते. मस्कार्पोनेसाठी निघालेला मनुष्य मस्कासाथेतून जातो याची आम्हांला गंमत वाटली. परंतु व्युत्पत्तीच्या हौशी मंडळींनी येथेही हात आवरावा. आपला ‘मस्का’ फारशीतून आला. इटालियन शब्दाशी त्याचे नाते सिद्ध करण्यास जवळ काही नाही. तेथील किराण्याच्या बाजारात कोको मिळाला, पिठीसाखर मिळाली, आणि एका दुकानात, जे आम्हांला मिळेल असे वाटलेच नव्हते, ते परदेशी सावोयार्दी बिस्किटांचे पाकीटही मिळाले. “यात अंडे नाही ना?” असे आम्ही विचारले. “एकदम शाकाहारी आहे साहेब,” असे उत्तर आले. चष्मा आम्ही घरी विसरलो होतो. पाकीट पिशवीत टाकले आणि स्वतःवर संतुष्ट होऊन घरी आलो.

येताना कॉफीही घेतली. यावर चार ओळी अधिक खर्च केल्या तर वाचकांनी क्षमा करावी. बाबा बुदान नावाच्या सत्पुरुषाने सतराव्या शतकात अरबस्तानातील मोखा बंदराहून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा आहे. युरोपात कॉफी पसरली तिचे एक मोठे द्वार व्हेनिस. तेथील ‘फ्लोरियन’ हे कॉफीगृह १७२० पासून चालू आहे. फार दूर कशाला, आमच्या वऱ्हाडात चिखलदऱ्याच्या डोंगरावरही कॉफीची झाडे आहेत. तेथे सहलीला जाणारे लोक पंचबोल पाहतात, झाडे पाहत नाहीत. आमच्या घरात कॉफी म्हणजे दूध आटवून, वर जायफळ उगाळून, पाहुणे किंवा एकादशी असल्यास करावयाची वस्तू. या पक्वान्नास ती चालत नाही. त्याला हवा चिकोरी नसलेल्या पुडीचा, दुधाचा थेंब न पडलेला, काळाकुट्ट अर्क. दक्षिणी पद्धतीच्या पितळी अथवा स्टीलच्या गाळणीत पाच-सहा चमचे पूड दाबून वर उकळते पाणी ओतले की दोन पेले चांगला अर्क उतरतो. तो पुरता निवू द्यावा. गरम अर्कात बिस्कीट धरले तर हातात बिस्कीट राहत नाही.

त्या रात्री मस्कार्पोने करण्याचे ठरले. वहिनींनी दुरून लक्ष ठेवले होते. सूनबाईने सायीसाठी चकचकीत पितळी पातेले उचलताच त्या प्रथमच मध्ये बोलल्या, “ते नको. कल्हई गेली आहे त्याची. लिंबू पिळशील नि सगळं कळकेल.” मुलीने ‘कळकणे’ हा शब्द पूर्वी ऐकला नव्हता. वहिनींनी तिला बाजूला घेऊन कल्हई, आंबट पदार्थ आणि पितळ यांचे शास्त्र समजावून दिले आणि स्वतःचे जाड बुडाचे स्टीलचे पातेले काढून दिले. ते पातेले त्या सहसा कोणाला देत नाहीत.

कृती सोपी आहे. एक लिटर ताजी साय, म्हणजे दुकानात क्रीम म्हणून मिळते ती, उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या पातेल्यात मंद तापवावी व सारखी ढवळावी. उकळू देऊ नये. कडेला बारीक बुडबुडे येऊ लागले, बोट लावल्यास चटका बसू लागला, की दोन मोठे चमचे लिंबाचा गाळलेला रस घालावा. पनीर करताना दूध जसे एकदम फाटते तसे येथे होत नाही. सायीत स्निग्धांश फार आणि दुधातील केसीन थोडे असल्याने गुठळ्या न होता सर्व एकसारखे घट्ट होते, पातळ बासुंदीइतके. पाच मिनिटांनी उतरवून निववावे, मलमल घातलेल्या चाळणीत ओतावे, झाकून रात्रभर शीतकपाटात ठेवावे. चक्का टांगतो तसे हे बाहेर खुंटीवर टांगू नये. नागपूरच्या फाल्गुनात सकाळपर्यंत ते आंबेल. चक्का दह्याचा, म्हणून त्याला आंबटपणाचा अधिकार आहे, यास नाही. शिवाय काही विलायती चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट घालतात, तसे यात काही नसते, केवळ लिंबू. ही गोष्ट ऐकून वहिनींचा चेहरा थोडा निवळला.

सकाळी फडक्यात लोण्याहून मऊ, श्रीखंडाहून गुळगुळीत असा पांढरा गोळा तयार होता. सर्वांनी चमचा चमचा चाखला. आता बिस्किटे फोडावयाची एवढेच बाकी होते. सूनबाईने पाकीट हातात घेतले, उलटे केले, आणि ती थांबली.

स्वयंपाकघरात त्या वेळी ती आणि आम्ही दोघेच होतो. वहिनी देवघरात होत्या. तिने पाकिटाच्या मागची चिकटवलेली चिठ्ठी आम्हांला दाखविली. चौकोनात तपकिरी त्रिकोण होता. आपल्या देशात शाकाहारी वस्तूवर हिरवा ठिपका असतो, आणि अंडे असलेल्या वस्तूवर हा तपकिरी त्रिकोण. आम्ही चष्मा लावला. घटकांत अंड्यांचे नाव पहिल्या दोनांत होते.

चूक आमची होती. आम्ही जन्मभर मुलांना प्रश्नपत्रिका नीट वाचा म्हणून सांगत आलो. त्या क्षणी आमच्या मनात जो विचार आला तोही येथे लिहून टाकतो. वाढदिवस आजचा; बिस्किटे कॉफीत बुडाल्यावर कोणाला काय ओळखणार? गप्प बसावे हे बरे. वाचक आम्हांला जे म्हणतील ते म्हणोत. तिच्याही मनात तो विचार आला असेल. तिच्या माहेरी हीच बिस्किटे वापरतात आणि सात महिन्यांत तिने मागितलेली ही पहिली वस्तू होती. तिने पाकीट तसेच न फोडता हातात धरले, देवघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि बाहेरूनच म्हणाली, “आई, या बिस्किटांत अंडं आहे. काकांना दिसलं नाही. मी तिरामिसू नाही करत आज. आपण चिरोटे करू.”

वहिनी लगेच काही बोलल्या नाहीत. पूजा आटोपून त्या बाहेर आल्या, पाकीट घेतले, त्या त्रिकोणाकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले. “भाऊजी, चष्मा कुठे होता?” आम्ही खाली पाहिले. मग त्या सूनबाईला म्हणाल्या, “मला सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं.”

“हो,” ती म्हणाली.

येथे एक जुनी गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली, एवढ्यावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या प्रकरणास तोंड द्यावे लागले. तेथे प्रश्न बिस्किटांत काय आहे हा नव्हता, ती कोणाच्या घरची हा होता. आमच्या आजोबांच्या काळी आमच्या वाड्यात बेकरीचा पाव येत नसे. आज त्याच वाड्यात आमचे बंधू सकाळी टोस्ट बुडविल्यावाचून चहा घेत नाहीत. असो.

आणि टोस्टच अखेर उपयोगी पडला. वहिनी फडताळाशी गेल्या, बंधूंचा टोस्टचा डबा काढला, पुड्यावरचा हिरवा ठिपका सूनबाईकडून दोनदा वाचून घेतला आणि विचारले, “याचं नाही होणार? कॉफीतच बुडवायचं आहे ना? हे तर रोज बुडवतात.”

झाले. पहिले दोन टोस्ट फार वेळ बुडविल्याने वाडग्यात विरघळले. ते बंधूंनी चमच्याने खाऊन टाकले व मधुमेह असूनही ‘औषधापुरते’ म्हणून समर्थन केले. मग प्रमाण सापडले: सावोयार्दी एक श्वास बुडवितात, टोस्टला चार-पाच लागतात, कडा मऊ पडल्या व मध्य किंचित कडक राहिला की काढावा. मस्कार्पोनेत शंभर ग्रॅम पिठीसाखर व थोडे गार दूध घालून घोटून हलके करावे. सपाट डब्यात टोस्टचा एक थर, त्यावर या मलईचा, पुन्हा टोस्ट, पुन्हा मलई. वरचा थर सुरीने सारखा करावा आणि चहाच्या गाळणीतून कोको भुरभुरावा. कोको अगोड असावा. तो कडू असल्याखेरीज खालचा गोडवा कळत नाही. मग निदान सहा तास थंड जागी झाकून ठेवावे. हे सहा तास आमच्या नातवंडांना सहा महिन्यांसारखे गेले. डबा किती वेळा उघडून पाहिला गेला त्याची गणती नाही.

रात्री औक्षण झाले. मग डबा पाटावर आला. वड्या पडल्या नाहीत. चमच्याने काढावे लागले. चव कशी होती? टोस्ट टोस्टच आहे, सावोयार्दीचा हलकेपणा त्याला नाही. तळाशी किंचित खारेपणाही जाणवला. परंतु कॉफीचा कडूपणा, मलईचा गारवा आणि वरचा कोको यांचा मेळ असा काही जमला होता की अकरा माणसांत डबा दहा मिनिटे टिकला नाही. सूनबाईने पहिला घास घेतला तेव्हा तिने ‘छान झालंय’ असे म्हटले नाही. ती म्हणाली, “गोड थोडं जास्त झालं. आणि टोस्ट अजून बुडवायला हवे होते.” आमच्या सौभाग्यवतीने आमच्याकडे पाहिले.

वहिनींनी चमचाभर घेतले, डोळे मिटून चाखले व विचारले, “यात जायफळ का नाही घालत?” त्यावर दोघींची बराच वेळ चर्चा झाली. सूनबाईच्या मते जायफळाने कॉफी दबते. वहिनींच्या मते जायफळावाचून कॉफीला अर्थ नाही. निर्णय लागला नाही. पुढच्या खेपेस अर्ध्या डब्यात घालून पाहावयाचे ठरले आहे. आम्हांला त्या रात्री दोन वाजेपर्यंत झोप आली नाही. पदार्थाने आपले नाव सार्थ केले. वृद्धांनी तो दुपारीच खावा हे बरे.

मलमलीचे फडके धुऊन, वाळवून वहिनींनी स्वतःच्या फडताळात ठेवले. पाडव्याला त्याच फडक्यात चक्का बांधला. आणि ते बिस्किटांचे पाकीट? आम्ही ते परत करण्याचे मनात आणीत होतो. दुसऱ्या दिवशी पाहिले तो वहिनींनी ते फोडून एका कोऱ्या डब्यात भरले होते. डबा स्वयंपाकघरात ठेवला नाही. जिना चढून त्या स्वतः सूनबाईच्या खोलीत गेल्या आणि तिच्या टेबलावर ठेवून आल्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी त्या जिना चढत नाहीत. खाली आल्यावर आमच्याशी बोलल्या त्या एवढेच, “झाकण घट्ट बसतं त्याचं. मुंग्या येणार नाहीत.”